चौघे शिकतात, नोंद कोणाच्या नावावर?

दिल्लीच्या कालकाजी भागात एनआयआयटी कंपनीचे कार्यालय आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत होती. २६ जानेवारी १९९९ रोजी सुगत मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भिंतीत खिडकीएवढी जागा करून एक संगणक बसवला. पडदा वस्तीच्या बाजूला. शिकवायला कोणी नाही, सूचनांचा फलक नाही. पोरे जमली, खटपट करू लागली आणि बघता बघता इंटरनेटवर फिरू लागली. पुढची कहाणी गाजलेली आहे. असे संगणक देशात अनेक ठिकाणी बसले, त्यांत आपला सिंधुदुर्ग जिल्हाही होता. २०१३ साली मित्रांना टेड पारितोषिक मिळाले. आणि मार्क वॉरशॉअर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ‘हे खरोखर किती शिकणे आहे?’ अशी शंकाही घेतली.

या वादात एक बाजू फारशी चर्चेला आली नाही. ती म्हणजे तिथे जे घडत होते त्याची नोंद कशी ठेवली जात होती. जवळच्या झाडावर एक कॅमेरा लावला होता आणि पडद्यावर काय चालले आहे ते आतल्या दुसऱ्या संगणकावरून पाहता येत असे. यंत्राला कोणता प्रोग्राम उघडला ते कळे, तो कोणी उघडला ते कळत नसे. बोट एकाचे, पण त्याच्यामागे पाच-सहा डोकी खेटून उभी. ‘ते नको, वरचं दाब’ असे मागून सांगणाऱ्या मुलीचा यंत्राच्या लेखी पत्ताच नाही. म्हणून मग संशोधकांनी दुसरी वाट धरली. काही मुले निवडून त्यांना संगणकावरची चित्रचिन्हे दाखवायची आणि कोणते कशासाठी आहे ते विचारायचे. देशातल्या १७ ठिकाणच्या मुलांच्या अशा चाचण्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणी चांगली होती, पण ती एकेकट्या मुलाची. म्हणजे यंत्राच्या नोंदीत मूल नाही आणि चाचणीच्या कागदावर गट नाही. दावा मात्र ‘मुले एकमेकांकडून शिकतात’ असा. तो या दोन नोंदींच्या मधल्या फटीत पडून राहतो.

विद्यार्थी गटात कसे शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ही फट भेटतेच. नोंदी ठेवणे, त्यांना नावे देणे, जपणे, कुलूप लावणे ही कामे संशोधनाच्या जगात दुय्यम मानली जातात. हुशार माणसाने सिद्धान्त मांडायचा आणि नव्या सहायकाने फायली लावायच्या, अशी वाटणी असते. गटअध्ययनाच्या बाबतीत ही वाटणी महागात पडते. इथे फाइल लावणाराच ठरवतो की ‘एकत्र’ नावाची गोष्ट पुढे कोणाला दिसेल की नाही.

मुंबईत याचे एक चांगले उदाहरण घडले. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ च्या सुमारास ‘क्लिक्स’ हा प्रकल्प सुरू केला. छत्तीसगड, मिझोरम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांतल्या सरकारी शाळांत गणित, विज्ञान, इंग्रजी संगणकाच्या मदतीने शिकण्याची सोय त्यात होती. त्याचे सॉफ्टवेअर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडलेल्या मंचावर उभे होते. शाळांत संगणक थोडे, मुले पुष्कळ. एका पडद्यापुढे दोघे-तिघे बसणार हे उघड होते. नेहमीचे सॉफ्टवेअर अशा वेळी ज्याने आपले नाव टाकले त्याच्या खात्यावर सगळे काम जमा करते आणि शेजारी बसलेला सोबती वर्षभर गैरहजर ठरतो. या मंचावर ‘बडी’ची सोय केली गेली. एकाने प्रवेश केला की शेजारचा सोबतीही आपले नाव जोडू शकतो. सोय एवढीशी आहे, पण त्यामुळे कोण कोणाबरोबर बसले ही माहिती नोंदीत उतरते. नंतर कितीही हुशार विश्लेषण केले तरी जे टिपलेच नाही ते परत आणता येत नाही.

याच्या खूप आधी, संगणक वर्गात नसताना, इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात मॉरिस गॅल्टन आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांचे निरीक्षण केले. १९७५ ते १९८० या काळातला तो ‘ओरॅकल’ प्रकल्प. निरीक्षक वर्गाच्या कोपऱ्यात बसे. दर २५ सेकंदांनी खूण होई. त्या क्षणी ठरलेले मूल काय करते आहे, कोणाशी बोलते आहे, कोणाशेजारी बसले आहे, हे ठरलेल्या चौकटींत भरायचे. या कंटाळवाण्या तक्त्यांतून निघालेला निष्कर्ष कंटाळवाणा मुळीच नव्हता. मुले टेबलाभोवती गटात बसत होती, काम मात्र ज्याचे त्याचे चालले होते. ‘आमच्याकडे गटकार्य चालते’ असे शिक्षक मनापासून सांगत होते आणि बसण्याची व्यवस्था पाहणाऱ्यालाही ते पटले असते. ‘कुठे बसले’ आणि ‘कोणाबरोबर काम केले’ हे दोन रकाने वेगळे ठेवले होते म्हणून हा भेद पकडता आला. एकच रकाना असता तर इंग्लंडभर गटअध्ययन जोरात आहे असाच अहवाल निघाला असता.

आणि त्या रकान्यांचा अर्थ लिहून ठेवलेला होता. ‘सहकार्य’ कधी म्हणायचे, कधी नाही, याचे नियम टिकले. त्यामुळेच सुमारे २० वर्षांनी तोच संशोधक त्याच धर्तीचे तक्ते घेऊन पुन्हा वर्गांत जाऊ शकला आणि तुलना करू शकला. त्या तुलनेचे पुस्तक १९९९ मध्ये आले.

आता साध्या कोष्टकाकडे वळू. इथले काम रूक्ष आहे, पण निम्मे अभ्यास इथेच घसरतात. सवयीने प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ केली जाते: नाव, हजेरी क्रमांक, पूर्वचाचणीचे गुण, उत्तरचाचणीचे गुण, गट क्रमांक. हे वरवर नीटनेटके दिसते. पण गट स्थिर नसतात. मंगळवारी गट ३ मधला मुलगा तापाने घरी राहतो, गट ५ मधल्या मुलीला तिथे बसवले जाते, पुढच्या आठवड्यात दोन मुलींचे भांडण होऊन बाई गट बदलतात. एका ओळीत एकच गट क्रमांक लिहिला की या सगळ्या घडामोडी पुसल्या जातात आणि तीन तास दुसऱ्या गटात शिकलेली मुलगी कागदोपत्री जागची हललेलीच नसते. उपाय सोपा आहे. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, तासिकांचा दुसरा, आणि ‘या तासिकेला हे मूल या गटात होते’ एवढेच सांगणारा तिसरा. तिसऱ्या तक्त्यात ओळी खूप होतात, वाचायला तो नीरस असतो. पण गटाचे खरे आयुष्य त्यातच असते.

हजेरी क्रमांक ही ओळख म्हणून वापरणे हाही एक सापळा. तो दरवर्षी बदलतो, आणि वर्गातल्या प्रत्येकाला सगळ्यांचे क्रमांक पाठ असतात. अभ्यासापुरता वेगळा संकेतांक द्यावा, नाव आणि संकेतांक जोडणारी यादी निराळ्या जागी कुलुपात ठेवावी, आणि ती बाकी फायलींसोबत ईमेलवर फिरू नये. एक्सेलच्या खोड्याही वेगळ्याच. ‘इयत्ता ४, गट ३’ यासाठी कोणी ‘४-३’ असे इंग्रजी आकड्यांत टाकले की एक्सेल त्याची मुकाट्याने तारीख करून टाकते आणि गटाच्या जागी एप्रिल किंवा मार्च उगवतो. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. याच खोडीपायी मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीला काही जनुकांची नावेच बदलावी लागली. २०२० मध्ये त्याविषयीची तिची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध झाली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांची नावे बदलणे सोपे ठरले!

गटाची नोंद नीट नसली तर आकडेमोडही फसवते. एका गटातली चार मुले चार स्वतंत्र पुरावे नसतात. त्यांनी तेच बोलणे ऐकलेले असते, त्याच चुका एकमेकांना दिलेल्या असतात. समजा १२० मुले ३० गटांत आहेत आणि गटातल्या मुलांच्या गुणांमधले साम्य, शून्य ते एक या मापावर, ०.३ आहे. संख्याशास्त्राचे नेहमीचे सूत्र लावले तर नमुना १.९ पटीने ‘पातळ’ होतो, म्हणजे १२० मुलांचे वजन जेमतेम ६३ स्वतंत्र मुलांएवढे उरते. हे विसरून १२० धरून हिशोब केला की नसलेला फरक ठळक दिसू लागतो. जर्मन संशोधक उल्रिके क्रेस यांनी २००८ मध्ये संगणकाधारित सहयोगी अध्ययनाच्या अभ्यासकांना नेमके हेच बजावले होते. मूल, गट, वर्ग अशा पायऱ्या हिशोबात धरल्या पाहिजेत. पण हिशोबात धरायच्या तर आधी फायलीत हव्यात.

खरी श्रीमंती बोलण्यात आहे. चार मुले अपूर्णांकाच्या गणिताभोवती डोकी खुपसून बसली की जे कानावर पडते ते अर्धी वाक्ये, एकमेकांवर चढणारे आवाज, ‘हे’, ‘ते’, ‘अगं असं नाही’ आणि वहीवर आपटणारी पेन्सिल. ब्रिटनमधले नील मर्सर आणि त्यांचे सहकारी अशा बोलण्याचे तीन प्रकार करतात: नुसते वाद घालणारे, नुसती मान डोलावणारे, आणि तिसरे शोधक बोलणे, ज्यात मुले कारणे मागतात, कारणे देतात आणि मत बदलतात. तिसरा प्रकार ओळखण्यासाठी त्यांनी ‘कारण’, ‘जर’, ‘म्हणून’ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची मोजदादही केली. शब्द मोजायचे तर बोलणे आधी लिहून काढायला हवे. एलिनॉर ऑक्स या भाषावैज्ञानिक विदुषीने १९७९ मध्येच मांडले होते की शब्दांकन हाच एक सिद्धान्त असतो. काय लिहायचे आणि काय गाळायचे हे ठरवताना लिहिणारा आधीच एक मत घेऊन बसलेला असतो. नाटकासारखे एकाखाली एक संवाद लिहिले की वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचे उत्तर वाटते. प्रत्यक्षात ती मुलगी कदाचित दोन मिनिटांपूर्वीच्या प्रश्नावरच अडकलेली असते.

मराठी वर्गात यात आणखी गुंते आहेत. विदर्भातले मूल ‘का’ऐवजी ‘कामून’ विचारते. शब्दांकन करणाऱ्याने ते ‘शुद्ध’ करून लिहिले तर मुलाची बोली गेली. जसेच्या तसे लिहिले आणि शोधताना फक्त ‘का’ शोधला तर मुलाचा प्रश्नच मोजणीतून गेला. दोन्ही टाळायचे तर मूळ उच्चाराची ओळ वेगळी आणि शोधासाठी प्रमाण रूपाची ओळ वेगळी, अशी दुहेरी नोंद ठेवावी लागते. काम वाढते, पण दुसरा इलाज दिसत नाही.

त्यातून टंकलेखनाचे भूत निराळे. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एकात खाली टिंब असलेले ऱ हे अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. दोन सहायकांनी दोन कळफलक वापरले असतील तर एकाच्या फायलीतले ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘खऱ्या’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाहीत, आणि कोणाला संशयही येत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली शब्दांकने तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता सडा. कोणत्या कळफलकावर, कोणत्या पद्धतीने टंकायचे हे पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून सगळ्यांना देणे, यासारखा स्वस्त उपाय संशोधनात क्वचितच मिळतो.

हे सगळे प्रत्येकाने आपापल्या परीने करण्यापेक्षा नियम एकत्र ठरवावेत, हा विचार ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ मध्ये प्रत्यक्षात आणला. मुलांच्या बोलण्याच्या नोंदींचा ‘चाइल्डीस’ हा सामाईक साठा त्यांनी उभारला. शब्दांकनाची एकच ठरीव पद्धत, ती वाचणारे एकच सॉफ्टवेअर. पुढे त्याचा विस्तार होऊन कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘टॉकबँक’ झाली आणि तिच्यात वर्गातल्या संवादांचाही एक कप्पा आहे. त्या साठ्यातल्या मुलांपैकी कित्येक जण आता स्वतः आईबाप असतील, आणि त्यांचे बोबडे बोल अजून नव्या प्रश्नांना उत्तरे देत आहेत.

बोलणे लिहून झाले की ते संकेतांत बसवायचे. हे वाक्य शोधक, हे नाही. दोघांनी वेगवेगळे बसून तेच करायचे आणि जुळते का पाहायचे. इथे टक्केवारी गोड बोलून फसवते. समजा १०० वाक्यांपैकी प्रत्येकाने १० वाक्ये शोधक ठरवली, पण दोघांचे एकमत त्यांतल्या चारांवरच झाले. ८४ वाक्ये दोघांनीही सोडली. एकमत ८८ टक्के, ऐकायला झकास. पण डोळे मिटून १०-१० वाक्ये निवडली असती तरी सरासरी ८२ टक्के जुळलीच असती. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या कप्पा या मापाने हेच एकमत ०.३३ भरते, म्हणजे सुमार. प्रत्येक संकेतकाराची मूळ फाइल वेगळी जपली असेल तरच हे नंतर तपासता येते. ‘चर्चेअंती सहमती झाली’ असे लिहून एकच अंतिम फाइल ठेवली तर त्या सहमतीत ज्येष्ठांचा आवाज किती होता, हे कोणालाच कळत नाही.

संगणकावरच्या गटकार्यात बोलणे आपोआप लिहिलेले मिळते, मग अडचण काय? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गेरी स्टाल यांच्या ‘व्हर्च्युअल मॅथ टीम्स’ प्रकल्पात वेगवेगळ्या ठिकाणची मुले टोपणनावाने एकत्र येऊन गणित सोडवत. बाजूला गप्पांची खिडकी, मध्ये चित्र काढायचा फळा. ‘ही रेघ इकडे का?’ असे कोणी लिहिले की त्या संदेशातून फळ्यावरच्या नेमक्या रेघेकडे बाण काढता येई. आता गप्पा एका तक्त्यात आणि रेघा दुसऱ्यात नेल्या आणि मधला बाण व वेळ गळाली, तर उरलेल्या वाक्याला काही अर्थ नाही. म्हणून त्या गटाने नुसता मजकूर न जपता सगळा प्रसंग व्हिडिओसारखा मागेपुढे करून पाहता येईल असे साधनच तयार केले. वर्गात रेकॉर्डर, कॅमेरा आणि संगणक अशी तीन यंत्रे असतील तर तिघांची घड्याळे जुळवणे हाच त्यातला धडा. सुरुवातीला सगळ्यांसमोर एक जोराची टाळी वाजवली तरी भागते.

आता नावांचा प्रश्न, सर्वांत नाजूक. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने एका महाविद्यालयाच्या पूर्ण तुकडीची फेसबुकवरची मैत्रीची जाळी, आवडीनिवडी आणि पार्श्वभूमी संशोधकांसाठी खुली केली. सुमारे १,७०० विद्यार्थी. नावे काढलेली होती, महाविद्यालयाचे नावही सांगितले नव्हते. कोडबुक, म्हणजे रकान्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका, मात्र कोणालाही वाचता येत होते. तुकडीतली नेमकी संख्या आणि काही दुर्मीळ विषयांची नावे एवढ्यावर, डेटा न उघडताच, मायकेल झिमर या अभ्यासकाने ओळखले की हे हार्वर्ड. मग ज्या राज्यातून किंवा देशातून एकच विद्यार्थी आला आहे, त्याची ओळख पटायला कितीसा वेळ? विद्यार्थ्यांना विचारलेही नव्हते. माहिती गोळा करणारे सहायक हार्वर्डचेच असल्याने बाहेरच्यांना न दिसणारा मजकूरही त्यांना दिसत होता. तो डेटा मागे घेण्यात आला.

पुढच्या खेपेला जास्त काळजी घेतली गेली. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१४ मध्ये आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षाचा डेटा प्रसिद्ध केला. त्यात पावणेपाच लाखांवर विद्यार्थी होते. नियम असा की देश, लिंग, जन्मवर्ष अशा ओळख पटवू शकणाऱ्या माहितीच्या कुठल्याही जोडणीत किमान पाच माणसे सारखी असली पाहिजेत. नसतील तर माहिती ढोबळ करायची किंवा ती ओळ काढून टाकायची. ओळख पटवू शकणाऱ्या या माहितीत चर्चामंचावर कोणी किती वेळा लिहिले तो आकडाही धरला होता, कारण ते लेखन इतर विद्यार्थ्यांना दिसत असे. परिणाम विचित्र झाला. चर्चेत हिरिरीने भाग घेणारा माणूस आकड्यांतही वेगळा उठून दिसतो, त्यामुळे काढून टाकायच्या ओळींत त्याचा नंबर आधी लागतो. सहयोगाचा अभ्यास करायचा आणि सगळ्यांत जास्त सहयोग करणाऱ्यांनाच वगळायचे! सफाईनंतरचे आकडे मूळ आकड्यांपेक्षा बदलतात हे त्या संशोधकांनी स्वतःच प्रसिद्ध केले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. एवढे करूनही २०२२ मध्ये शिकागोच्या अलोनी कोहेन यांनी लिंक्डइनवरच्या माहितीशी ताळा घालून त्यातल्या तिघांना ओळखून दाखवले.

ही दोन्ही उदाहरणे बाहेरच्या माणसाची. गटाच्या अभ्यासात खरा धोका आतल्याचा असतो. न्यूझीलंडचे मार्टिन टॉलिच यांनी २००४ मध्ये या अंतर्गत गोपनीयतेकडे लक्ष वेधले. अहवालात ‘विद्यार्थी ब’ म्हणून ज्याचे वाक्य छापले आहे तो कोण, हे वाचकाला कळणार नाही. पण त्या टेबलावर बसलेल्या बाकी तिघांना पहिल्या ओळीत कळते. आणि मुलाखतीत ‘ती सगळं स्वतःच करते, आम्हाला करू देत नाही’ असे जर कोणी सांगितले असेल, तर तेही आता तिच्या हातात पडते. टोपणनावांचा इथे काही उपयोग नाही. असे उद्गार दोन-तीन गटांत विखरून मांडणे, गट क्रमांक गाळणे, किंवा काही वेळा ते चक्क न छापणे, एवढेच मार्ग उरतात. वाक्य कितीही सुंदर असले तरी.

संमतीचेही तसेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा असतो. ती सूत्रे वैद्यकीय संशोधनाची आहेत, पण वयाची ही पायरी वर्गातल्या अभ्यासालाही शोभते. अडते ते पुढे. चौघांपैकी एका मुलीने मध्येच ‘मला नको’ म्हटले तर? तिचे गुण एका क्षणात पुसता येतात. तिचे बोलणे पुसले तर उरलेल्या तिघांची उत्तरे कोणत्या प्रश्नाची हेच कळत नाही. ठेवले तर तिचा शब्द मोडला. याचे उत्तर त्या दिवशी शोधायचे नसते, ते संमतीपत्रातच लिहायचे असते: माघार घेतल्यास त्या गटाच्या तासिका वगळू, की तिची वाक्ये ‘[वगळले]’ अशी करू. आणि ज्यांच्या घरून होकार आलाच नाही अशी मुले कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या गटात बसतील, पण तास त्यांचा बुडणार नाही, हे शाळेशी आधी ठरवावे लागते. कॅमेऱ्याला सोयीचे म्हणून मुलांना वर्गाबाहेर बसवणारा अभ्यास कितीही नियमांत बसत असला तरी बरा म्हणता येणार नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधनाला कायद्यात सूट आहे, पण ठरवून दिलेले निकष पाळायचे आणि त्या डेटावरून कोणत्याही विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, अशी तिला अट आहे. ही अट कागदी वाटते, वर्गात मात्र ती लगेच समोर येते. अभ्यास संपल्यावर मुख्याध्यापक सहज म्हणतात, ‘कोणता गट ढिला आहे, कोण काहीच करत नाही, तेवढी यादी द्या की!’ यादी दिली की त्या मुलांचे गुण, त्यांची बसायची जागा, घरी जाणारा निरोप, सगळे त्या डेटावर ठरू लागते. गटांच्या बोलण्याविषयीचे सर्वसाधारण निष्कर्ष शाळेला द्यावेत. नावानिशी यादी देऊ नये.

राहता राहिला प्रश्न दाखवण्याचा. गटकार्य कसे चालते हे शब्दांत सांगून शिक्षकांना पटत नाही, त्यांना ते बघायचे असते. आणि चित्रफितीत चेहरा झाकला की कोण कोणाकडे पाहून बोलले हेच जाते. ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने १९९५ मध्ये जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांत आठवीचे २३१ गणिताचे तास चित्रित केले होते. १९९९ च्या फेरीत सात देशांतल्या ६३८ तासांचे विश्लेषण झाले. हा सगळा साठा संशोधकांपुरता मर्यादित राहिला. सर्वांना पाहता यावेत म्हणून प्रत्येक देशातून गणिताचे चार, असे २८ तास खुले करण्यात आले, तेही त्यासाठी स्वतंत्र परवानगी घेऊन.